शेपूटमास्तर

माझ्या मोठ्या भावाने आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलं नाही, तरी सगळे त्याला मास्तर म्हणायचे. तोंडावर मास्तर आणि पाठीमागे शेपूटमास्तर. कारण तो लोकांना डोंगरावर घेऊन जायचा आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी चालायचा.

डोंगराच्या पायथ्याशी आमचं आठ खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. मी आणि आमचे हे मिळून ते चालवतो. शहरातून दोन-तीन दिवसांच्या सुट्टीवर माणसं येतात, पहिल्या दिवशी झोपतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना अपराधी वाटायला लागतं, की एवढं लांब येऊन आपण काहीच केलं नाही. त्यांच्यासाठी ही अर्ध्या दिवसाची डोंगरफेरी. सकाळी आठला निघायचं, साडेदहापर्यंत माथा गाठायचा, एकच्या जेवणाला परत. हे काम दादाचं. सव्वीस वर्षं केलं त्याने. वहिनी लवकर गेली, मुलगी शिकून शहरात नोकरीला लागली, तेव्हापासून तो आमच्याच मागच्या अंगणातल्या खोलीत राहतो.

शेवटी चालण्यावरून त्याला कुणी छेडलं, की तो म्हणायचा, "पुढे जाणाऱ्याला वाटाड्या लागत नाही. मागे राहणाऱ्याला लागतो." वाट एकच होती, दगडांवर त्यानेच पांढरे पट्टे मारलेले होते. पुढचे पळोत, धावोत, फोटो काढोत, त्याला फिकीर नसायची. तो आपला एखाद्या धापा टाकणाऱ्या आजोबांच्या नाहीतर रुसलेल्या नवऱ्याच्या मागून निवांत यायचा. "मी पण दमलोय हो, जरा बसू या का?" असं स्वतःच आधी म्हणायचा, म्हणजे त्या माणसाला लाज वाटायला नको. सत्तरीच्या एका बाईंना त्याने माथ्यावर नेलं, तेव्हा वाटेत तो म्हणे नऊ वेळा दमला. त्याच्या पोटऱ्या बघितल्या असत्या तर त्या बाईंनी जागच्या जागी त्याला खोटारडा म्हटलं असतं.

सतत शेवटी असल्यामुळे त्याला माणसांचे चेहरे कधी लक्षात राहिले नाहीत. टाचा राहायच्या. जेवणाच्या टेबलाशी तो वाकून खाली बघायचा आणि मग ओळखीचं हसायचा. "निळी लेस, डावी टाच बाहेरून झिजलेली. तुम्ही तीन वर्षांपूर्वी आला होतात." माणूस खूश! मी त्याला म्हणायचे, दादा, तू चुकून चांभार व्हायचा राहिलास. तो म्हणायचा, "आणि तू चुकून मालकीणबाई झालीस, ठमे." मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. तरी अजून ठमीच.

त्याच्या पद्धतीत एकच भोक होतं, आणि ते बुजवायचं काम माझं होतं.

अर्ध्या वाटेवर एक लाकडी बाक आहे. तिथे सगळे पंधरा मिनिटं थांबतात आणि पांगतात. कुणी झुडपामागे जातं, कुणी फोटोला. तिथूनच एक बैलगाडीची जुनी वाट खाली उतरते, ती थेट आमच्या अंगणात येते. एखाद्याचा धीर सुटला, पोट बिघडलं, नवरा-बायकोचं वाजलं, तर तो माणूस तिथून गुपचूप खाली यायचा. दादाला वाटायचं तो पुढे गेला. शेवटी चालणाऱ्याला मागे राहिलेला दिसतो, पुढे गेलेला दिसत नाही. मोजणी व्हायची ती माथ्यावर. डोंगरावर मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे आमची खूण ठरलेली होती. कुणी लवकर परत आलं, की मी गच्चीवरच्या तारेवर लाल चादर टाकायची. माथ्यावरून दादाच्या दुर्बिणीतून आमची गच्ची स्वच्छ दिसते. एक माणूस कमी आणि चादर आहे, म्हणजे तो घरी चहा पितोय. चादर नाही, म्हणजे तो डोंगरावर आहे, आणि शोधायला हवा. सव्वीस वर्षांत ती चादर तीसेक वेळा तरी वर गेली असेल. एकदाही चुकली नाही.

दीड वर्षापूर्वीची ती फेरी बारा जणांची होती. त्यात एक दातांचे डॉक्टर होते, गोरेगोमटे, नवे कोरे पिवळे बूट घातलेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे दात बघितले, पण त्यांना चावले त्यांचे स्वतःचे बूट. पावणेदहाला लंगडत अंगणात आले. बाकापाशी एका बाईंना सांगून आले होते म्हणे, "मास्तरांना कळवा." त्या बाईंनी मान हलवली होती. कानात गाणी चालू असताना माणूस कशालाही मान हलवतो. मी डॉक्टरांना स्वयंपाकघरात बसवलं, पाय कोमट पाण्यात घालायला दिले, चहा टाकला, फोडांना पट्ट्या बांधल्या आणि मग कपाटातून लाल चादर काढली.

त्याच दिवशी घराचे फोटो काढायला एक मुलगी आली होती. एका मोठ्या प्रवास कंपनीच्या यादीत आमचं नाव जाणार होतं. मी आठवडाभर राबत होते. खिडक्या पुसल्या, गच्चीच्या कठड्यावर कुंड्या मांडल्या, तारेवरचे चिमटेसुद्धा काढून ठेवले. आणि ही चादर! जुनी, मधोमध ठिगळ, रंग उडून विटकरी झालेली. गच्चीवर टाकली की घर कमी आणि प्रसूतिगृह जास्त वाटायचं.

चादर घेऊन मी अर्धा जिना चढले. खालून त्या मुलीने हाक मारली, "काकू, तुम्ही फ्रेममध्ये येताय. अर्धाच तास हं, ऊन मस्त पडलंय."

मी मागे सरकले. चादर पायरीवर ठेवली. मनाशी म्हटलं, दादा माथ्यावर पोहोचायला अजून वेळ आहे.

हे मी आजवर स्वतःलाही सांगत आले आहे, की वेळ आहे असं मला वाटलं होतं. खरं ते आता लिहून टाकते. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. दादा साडेदहाला माथ्यावर असतो हे मला माझ्या नावाइतकं पाठ होतं. मी घड्याळ बघितलं आणि तरी चादर पायरीवर ठेवली. कारण फोटो छान यायला हवा होता. बस, एवढंच.

मग त्या मुलीला आतल्या खोल्या दाखवायच्या होत्या. मग सूप उतू गेलं. मग मी चादर विसरले. अकराला धुकं उतरलं आणि डोंगर दिसेनासा झाला.

साडेबाराला अकराजण फाटकातून आत आले. सगळ्यांत पुढे असलेल्या गृहस्थांनी सांगितलं, "मास्तर परत वर गेलेत. डॉक्टर हरवलेत ना." आणि डॉक्टर आमच्या जेवणाच्या खोलीत खिडकीशी बसून ब्रेडला लोणी लावत होते. त्यांच्या हातातली सुरी तशीच राहिली. मी धावत जिना चढले आणि चादर तारेवर टाकली. चार हातांवरचं दिसत नव्हतं अशा धुक्यात मी ती चादर टाकली, नीट ताणून, चारही टोकं सरळ करून. कशासाठी? वरातीमागून घोडं.

आमचे हे आणि जवळच्या दगडखाणीवरचे सहाजण वर गेले. दादा त्यांना दुपारी साडेतीनला सापडला, बाकाच्या पलीकडच्या घळीत. तो दिसला नाही, त्याचा आवाज आला. गुडघ्याचा चुराडा झालेला, घसा बसलेला, आणि हा पडल्या पडल्या ओरडत होता, "डॉक्टर, ओ डॉक्टर! घाबरू नका, जागेवरच बसा."

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने आधी डॉक्टरांची चौकशी केली. ते सुखरूप आहेत, पावणेदहालाच घरी आले होते, असं मी सांगितलं. तो दोन घोट पाणी प्यायला. मग म्हणाला, "ठमे, चादर टाकली होतीस?"

मी म्हटलं, "टाकली होती."

विचार करून बोलले नाही. तोंडातून निघून गेलं. त्याच्या पायाला सळ्या लावलेल्या होत्या, ओठ फुटलेले होते, आणि मला त्याच्या नजरेला नजर देववत नव्हती. वर आणखी जोडलं, "धुकं होतं ना दादा. दिसली नसेल."

"मी बघितलं तेव्हा धुकं नव्हतं," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

मला वाटलं, विषय संपला. संपला कुठे? तिथून सुरू झाला.

गुडघा सहा महिन्यांत काठीवर आला. पण मास्तर काही परत आला नाही. तो डोळे तपासायला गेला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. तो दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. तेही तेच म्हणाले. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. तर हा घरी येऊन शांतपणे म्हणाला, "डोळे ठीक आहेत. म्हणजे मग डोकंच गेलंय."

त्या दिवसापासून त्याने स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलं. गाडी चालवणं बंद केलं. पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगाचा डबा कुणाला तरी देऊन टाकला. दाराला कडी लावायचा आणि मला विचारायचा, लावली का ग? गोळी घ्यायचा आणि विचारायचा, घेतली का मी? पाहुण्यांच्या टाचांकडे बघेना. कुणी जुना पाहुणा आपणहून भेटायला आला, तर हा आधी माझ्याकडे बघायचा. मी मान हलवली की मग हसायचा. "तू सांगितलंस म्हणजे बरोबर," म्हणायचा. "मला समोर असलेली चादर दिसत नाही, माझं काय धरून बसायचं?"

हे तो कडवटपणे म्हणत नसे. सहज म्हणायचा, भाजीत मीठ कमी आहे असं म्हणावं तसं. मला त्याचा राग यायचा. हो, त्याचाच! वाटायचं, एवढा शहाणा माणूस, एकदा तरी म्हण की, ठमे, तू खोटं बोलतेस. एकदा म्हण आणि मला मोकळं कर. पण त्याच्या ते डोक्यातच येत नव्हतं. स्वतःचे डोळे खोटे ठरवले त्याने, स्वतःचा मेंदू खोटा ठरवला, पण मी खोटी असेन हा हिशेब त्याने मांडलाच नाही. आणि घराचा तो फोटो इतका सुंदर आला होता, की कंपनीने तो पहिल्याच पानावर छापला. खोल्या भरायला लागल्या. फोटोत गच्चीवरची तार अगदी स्वच्छ दिसते. चोराच्या मनात चांदणं. कुणी पाहुणा तो फोटो हातात घेऊन उभा राहिला, की मी लगेच त्याला चहाला हाक मारायचे.

यांना मी सगळं सांगितलं. आमचे हे म्हणजे गरीब गाय. म्हणाले, "आता सांगून काय उपयोग? पाय काही बरा होणार नाही." मला तेच ऐकायचं होतं. मी लगेच ऐकलं.

गेल्या महिन्यात भाची आली. दादाची मुलगी. सोबत एक फाइल होती. शहरात, तिच्या घरापासून जवळ, विस्मरण झालेल्या माणसांसाठी एक घर आहे. बागबिग आहे, दारं बाहेरून बंद असतात, चोवीस तास परिचारिका. दादानेच तिला फोन करून शोधायला सांगितलं होतं. मला पत्ताच नव्हता.

"आत्या, बाबाच मागे लागलेत," ती म्हणाली. "मला तर ते ठीकच वाटतात ग. पण ते म्हणतात, उद्या मी गॅस चालू ठेवला आणि घर पेटलं तर?"

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. सकाळची कामं उरकली होती, पाहुणे बाहेर गेलेले होते. भाची अर्ज वाचत होती आणि दादा सांगेल ते लिहीत होती. वय, आजार, औषधं. मग एक रकाना आला. रुग्णाच्या विस्मरणामुळे किंवा भ्रमामुळे कुणाच्या जिवाला धोका निर्माण झाल्याचा प्रसंग.

दादा खुर्चीत सरळ बसला. शाळेत उत्तर पाठ असलेला मुलगा बसतो तसा. "लिही," म्हणाला. "डोंगरावर एका माणसाच्या शोधात विनाकारण गेलो. तो माणूस सुरक्षित असल्याची खूण समोर होती. लाल चादर. ती मला दिसली नाही. त्या दिवशी माझ्या भरवशावर अकरा माणसं होती. ती मी धुक्यात एकटी खाली धाडली." त्याने भाचीच्या पेनाकडे बोट केलं. "चादर टाकल्याची साक्ष खाली आत्या देईल. तिची सही घे."

भाचीने अर्ज माझ्याकडे सरकवला. पेन पुढे केलं.

मी पेन घेतलं. हे सांगायला लाज वाटते, पण मी ते घेतलं, टोपण काढलं आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलंसुद्धा. दुसऱ्या अक्षराला हात चालेना.

"चादर नव्हती," मी म्हटलं.

"काय?" भाचीने विचारलं.

"चादर टाकलीच नव्हती मी. ती मुलगी घराचे फोटो काढत होती, म्हणून पायरीवर ठेवली. साडेबाराला टाकली. दादा, मी खोटं बोलले तुझ्याशी."

भाची माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी टेबलाकडे बघत राहिले. दादाने मात्र हात वर करून तिला थांबवलं. त्याचा चेहरा अगदी कामात असल्यासारखा झाला होता.

"साडेदहाला तार रिकामी होती?"

"हो."

"टाकीवर कावळा होता?"

"मला काय माहीत, दादा?"

"होता," तो म्हणाला. "पाण्याच्या टाकीवर कावळा बसला होता. मी बघितला. कुंड्या होत्या कठड्यावर, आधी नसायच्या. दीड वर्ष मी हेच म्हणतोय, की मला कावळा दिसतो, कुंड्या दिसतात, मग एवढी मोठी चादर का दिसू नये?" आणि तो हसायला लागला. मोठ्याने, टेबलावर थापा मारत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत होता. "अग पोरी, मला दिसत होतं! फाड तो कागद. मला सगळं दिसत होतं!"

भाचीने कागद फाडला. बापाला मिठी मारून रडली. माझ्याशी एक शब्द न बोलता संध्याकाळच्या बसने गेली. अजून तिचा फोन येतो तो यांच्या मोबाइलवर.

दादा चार दिवस त्याच्या खोलीतच जेवला. पाचव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आला, स्वतःचा चहा स्वतः ओतून घेतला आणि म्हणाला, "झालं ते झालं, ठमे. मी तुला रागावलेलो नाही." मी रडायला लागले, तर म्हणाला, "आता पुरे. सूप खारट होईल." आणि खरंच तो रागावलेला नव्हता. दादाला खोटा राग जमत नाही, तशी खोटी माफीही जमत नाही.

तो आता पुन्हा माणसात आला आहे. काठी टेकत बाकापर्यंत जातो, दगडांवर नवे पट्टे मारायला लागला आहे. पाहुण्यांच्या टाचांवर पुन्हा शेरे मारतो. मला पूर्वीसारखीच चिडवतो. कुणी बाहेरच्याने बघितलं तर म्हणेल, बहीण-भावाचं किती छान आहे!

फक्त एक झालं आहे. काल पाहुणे फेरीला निघाले. हल्ली त्यांना खाणीवरचा एक माणूस नेतो. दादाने विचारलं, "सगळ्यांनी पाण्याच्या बाटल्या घेतल्या का ग?" मी म्हटलं, घेतल्या, मी स्वतः भरून दिल्या. तो बरं म्हणाला. मग काठी घेऊन उठला, दुखरा पाय ओढत अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेला आणि एकेकाची पिशवी उघडून बघितली. परत येऊन खुर्चीत बसायला त्याला दहा मिनिटं लागली.

"घेतल्यात," तो मला म्हणाला.